आधी कीस दाखवा

"आधी कीस दाखवा."

कुठल्याही कारखान्यात पाऊल ठेवलं की काकांचं पहिलं वाक्य हेच असे. मालक कागदपत्रं मांडून बसलेला, कॉफी येऊन निवत चाललेली, आणि हे गृहस्थ लेथच्या खालच्या ट्रेमध्ये वाकून बघतायत. लोखंड कातताना जो कीस खाली पडतो, त्यातली एक कुरळी ते दोन बोटांत उचलत, चष्मा कपाळावर सरकवत, ती खिडकीच्या उजेडात धरत आणि म्हणत, "हं."

या 'हं'चे दोन प्रकार होते. आखूड आणि लांब. आखूड म्हणजे कारखान्याचं काही खरं नाही. लांब म्हणजे अजून जीव आहे. मी दोनेक वर्षं त्यांच्या सहवासात होतो, पण लांब 'हं' फार वेळा ऐकला असं म्हणता येणार नाही.

ही एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. हॅनोव्हरच्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत ते मोठ्या हुद्द्यावर होते. कंपनीत त्यांना 'हेर डॉक्टर', म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणत. आम्ही चार-सहा मराठी विद्यार्थी त्यांना काका म्हणायचो. त्या दिवसांत जर्मन कारखान्यांना कामाला माणसं पुरत नव्हती, आणि समुद्रापलीकडे इंग्लंडात एकेक जुनी कंपनी धापा टाकत होती. एखादी अमेरिकन घेत, एखादी जर्मन. पण घेण्याआधी आत जाऊन बघून येणारा जाणकार लागतो. काकांचं इंग्रजी पुण्याच्या शाळेतलं आणि यंत्रविद्या हॅनोव्हरची, त्यामुळे ते काम त्यांच्याकडे आलं. दर दोन-तीन महिन्यांनी ते आधी रेल्वेने, मग बोटीने, मग पुन्हा रेल्वेने जात. परत आले की ओव्हरकोट न काढताच खुर्चीत बसत आणि म्हणत, "झाला बाबा बघायचा कार्यक्रम."

"मुलगी कशी आहे?" काकू स्वयंपाकघरातून विचारत.

"रंग लावून बसवली होती."

हे खरंच असे. जर्मन पाहुणे येणार म्हटल्यावर तिकडे यंत्रांना हिरवा रंग फासत, फरशी घासत. "सगळ्याला रंग लावता येतो," काका मला सांगत, "किसाला नाही लावता येत. हत्याराला धार नसेल, यंत्र खिळखिळं असेल, माणसाचं लक्ष नसेल, तर कीस लगेच सांगतो."

माझी त्यांची गाठही किसामुळेच पडली. मी तेव्हा इथल्या टेक्निशे होखशूलेत, म्हणजे तांत्रिक विद्यापीठात, डॉक्टरेटला होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे प्रत्येक दारात शिरताना आपण चुकून आलोय की काय असं वाटायचं. माझे प्रयोग काकांच्या कंपनीच्या चाचणी-दालनात, त्यांनी वापरायला दिलेल्या लेथवर चालत. एक दिवस काका तिथून जाताना थांबले. ट्रेमधली एक कुरळी उचलून त्यांनी मला विचारलं, "काय दिसतं?"

मी पुस्तकातली दोन समीकरणं सांगितली.

"ते मलाही येतं. दिसतं काय?"

मी घाबरत म्हणालो, "हत्यार आत्ताच धार लावून बसवलंय. पण एका बाजूला जरा जास्त घासलं गेलंय."

त्यांनी चष्मा खाली घेतला. "वडील काय करतात?"

मी अर्जात लिहिलेलंच तोंडी सांगितलं, "यंत्रविभागात नोकरी."

"म्हणजे काय करतात?"

"टर्नर आहेत, लेथ चालवतात. कोल्हापूरला. ऑइल इंजिनच्या कारखान्यात."

हे मी जर्मनीत पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो. वडील घरी आले की त्यांच्या पॅंटच्या दुमडीतून कीस पडायचा आणि आम्हा भावंडांच्या पायांत घुसायचा, म्हणून आई त्यांना कपडे अंगणात झाडायला लावी. काका हसले. "आल्झो, असं होय! कोल्हापूरकर, एवढं लपवायला काय झालं? तुला कीस वाचता येतो. इथल्या निम्म्या इंजिनियरांना येत नाही." मग विचारलं, "टायपिंग येतं?"

ते येत होतं. कॉलेज झेपलं नाही तर कारकुनी तरी मिळेल, म्हणून वडिलांनी मला आधी टायपिंगच्या क्लासला घातलं होतं. काकांचे अहवाल गुप्त असत आणि इंग्रजी-जर्मन दोन्ही जाणणारं टायपायला कुणी नव्हतं. तेव्हापासून शनिवारी दुपारी त्यांच्या घरी जाऊन मी टायपायला लागलो.

त्यांची एक गोष्ट सांगतो, म्हणजे माणूस तुमच्या लक्षात येईल. एका इंग्लिश कंपनीच्या दारात काका आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांची मोटार थांबली. पाऊस होता. तिथल्या साहेबाने काकांचा रंग बघितला आणि स्वतःची ओली छत्री मिटून त्यांच्या हातात दिली. जर्मनांनी सोबत नोकर आणलाय, असं त्याला वाटलं असावं. काकांनी ती छत्री घेतली आणि सगळा कारखाना तीन तास छत्री हातात धरून बघितला. शेवटी साहेबाला कळलं की कंपनी घ्यायची की नाही हे याच माणसाच्या कागदावर ठरणार आहे. तो लाल झाला. काका म्हणाले, "घ्या, वाळली आता."

आम्ही विद्यार्थी या गोष्टीवर पोट धरून हसायचो. ते स्वतः मात्र हसत नसत. "अरे, त्याचा कारखाना बुडत होता," ते म्हणत. "छत्रीचं काय घेऊन बसलात!"

आणि मग तो डबा आला.

तो इंग्लिश बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, झाकणावर गुलाब होते. काकांनी बॅगेतून तो काढून टेबलावर ठेवला तेव्हा मी तिथेच होतो. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीने धावत येऊन झाकण उघडलं, आणि जर्मनमध्ये ओरडली, "पापा, आइझन!"

"काय म्हणतेय ती?" काकूंनी विचारलं.

"लोखंड म्हणतेय."

काकू येऊन बघून गेल्या. "लोक इंग्लंडहून कपबश्या आणतात. आमच्याकडे भंगार येतं."

आत निळसर कुरळ्या होत्या. सगळ्या एका मापाच्या, एका वळणाच्या. काकांनी एक माझ्या हातात दिली. मी ती खिडकीच्या उजेडात धरून फिरवली. मग माझ्याच तोंडून लांब 'हं' निघाला.

"बघितलंस?" काका म्हणाले. "छप्पर गळतंय. लेथ माझ्या वयाची आहेत. संचालकांना कारखान्यापेक्षा घोडे जास्त कळतात. आणि त्या तसल्या यंत्रावर हा कीस! तिथला एक म्हातारा टर्नर आहे. सगळी पोरं त्यानेच तयार केलीत. त्याने हा डबा स्वतः भरून दिला. म्हणाला, कागद बघून तुमचे लोक आम्हाला बंद करतील, त्यांना हे दाखवा. दाखवाल ना? मी म्हटलं, दाखवीन. लिहीनसुद्धा."

त्यांनी लिहिलं. अहवालाचं अकरावं पान त्या किसाचं होतं. यंत्रांना नवीन विजेच्या मोटारी बसवा, छप्पर दुरुस्त करा, एक चांगला व्यवस्थापक पाठवा; ही माणसं कारखाना उभा करतील, त्यांना सोडू नका. इतकं साधं पान मी कधी टाईप केलं नव्हतं. त्यात एकही आकडा नव्हता.

पुढच्या शनिवारी गेलो तर काका खिडकीशी उभे होते. अहवाल टेबलावर पडला होता.

"डिरेक्टरना आवडला," ते म्हणाले. "फार नीट लिहिलाय म्हणाले. फक्त अकरावं पान नको. बोर्डाला यंत्रं, नकाशे, गिऱ्हाइकांची यादी आणि नाव, एवढंच हवंय. यंत्र इथे हॅनोव्हरलाच बनवायचं, पाटी त्यांची लावायची. ठरलंय आधीच. मग ते पान मध्येच अडचणीचं होतं."

काकू चहा ठेवत म्हणाल्या, "म्हणजे हुंडा घ्यायचा नि मुलगी माहेरीच ठेवायची. अहो, हे असं कुठे असतं का?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका म्हणाले. "असंच असतं आता. पुढे कारखाना कुठला हे कुणी विचारणार नाही. पाटी कुठली तेवढं बघतील."

"आणि तुम्ही पान काढलं नाहीत तर?" काकूंनी विचारलं.

त्यांची नोकरी त्या कंपनीची, घर कंपनीचं, आणि जर्मनीत राहायचा परवाना त्या नोकरीवर. हे काकूंनाही ठाऊक होतं. त्या आत गेल्या.

मग काका माझ्याकडे वळले. "बारापासून पुढची पानं पुन्हा टाईप करावी लागतील, क्रमांक बदलतील. तू सांग कोल्हापूरकर. करायचं?"

मला वाटतं, ते खरोखरच विचारत होते. मी 'नको' म्हणालो असतो तर त्यांनी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. पण त्याच महिन्यात माझ्या लेथची मुदत संपत होती. मुदतवाढीच्या कागदावर त्याच डिरेक्टरची सही हवी होती. आणि काकांचा अहवाल मी टाईप करतो, हे त्याला माहीत होतं.

मी म्हणालो, "काका, आकडे तर तेच राहतील ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. खूप लांबचा प्रवास करून आलेला माणूस बघतो तसं. "हो," ते म्हणाले. "आकडे तेच राहतील."

मी पानं टाईप केली. दोन तास लागले. अकराव्या पानाची कार्बन प्रत मी घडी करून खिशात घातली. का, ते मला तेव्हा कळलं नाही. काकांनी ते बघितलं.

कंपनी विकत घेतली गेली. पुढच्या उन्हाळ्यात तिकडचा कारखाना बंद झाला. माझ्या लेथला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली.

नाताळात काकांच्या नावाने कंपनीत एक कार्ड आलं. त्या टर्नरचं. ते त्यांनी मला वाचायला दिलं. अक्षर थरथरतं होतं, मजकूर थोडा. "तुम्ही आमच्याबद्दल लिहिलंत, हे मला ठाऊक आहे. त्यांनी ऐकलं नाही, यात तुमचा दोष नाही. आभारी आहे."

"याला काय उत्तर द्यायचं?" काकांनी विचारलं. कार्ड त्यांनी बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिलं.

वसंतात हॅनोव्हरची मेसे भरली. या औद्योगिक प्रदर्शनाला काका 'जत्रा' म्हणत आणि तिथे त्यांना लहान मुलासारखा उत्साह यायचा. त्या वर्षी मात्र ते माझ्या आग्रहाने आले. काकांच्या कंपनीच्या मंडपात ते नवीन लेथ उभं होतं. हॅनोव्हरला बनवलेलं, वर त्या इंग्लिश कंपनीची पितळी पाटी. तरुण जर्मन कारागीर प्रात्यक्षिक देत होता. काका पुढे होऊन म्हणाले, "आधी कीस दाखवा." त्याने हसत ट्रे पुढे सरकवला.

काकांनी एक कुरळी उचलली. दुसरी कोटाच्या खिशातून काढली; ती ते बरोबर घेऊन आले होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी उजेडात धरल्या.

"फरक नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, चला, एवढं तरी समाधान.

"या नव्याकोऱ्या यंत्रावर जे निघतं, ते त्या म्हाताऱ्याने गळक्या छपराखाली काढून दाखवलं होतं रे." त्यांनी दोन्ही कुरळ्या जर्मनाच्या ट्रेमध्ये टाकल्या. मिसळून गेल्या. कुठली कुठली ते नंतर मलाही ओळखता आलं नसतं.

त्यानंतर काका कारखाने बघायला गेले नाहीत. प्रकृतीचं कारण दिलं. पुढे त्यांनी नोकरीच सोडली आणि मिरजेच्या एका तंत्रशाळेत शिकवायची जागा धरली. मुलगी स्टेशनवर जर्मनमध्ये रडत होती. काकूंनी तो डबा माझ्या हातात दिला. "हे घे बाबा तुझ्याकडे. कस्टमवाल्यांना काय सांगू मी, काय आहे म्हणून!" गाडी हलताना काका खिडकीतून म्हणाले, "ते पान आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"हं," ते म्हणाले. आखूड की लांब, ते गाडीच्या आवाजात कळलं नाही.

मिरजेहून त्यांची पत्रं येतात. मुलं कीस झाडून टाकतात आणि मी तो परत गोळा करून वर्गात आणतो, असं लिहितात. इकडचं काही विचारत नाहीत.

परवा त्या टर्नरचं नाताळाचं कार्ड पुन्हा आलं. काका इथे नाहीत, म्हणून कंपनीच्या शिपायाने त्यांचा गाववाला समजून ते मला आणून दिलं. म्हाताऱ्याने लिहिलं होतं, की आता तो बागेत बटाटे लावतो, आणि भारतीय डॉक्टर बरे असतील अशी आशा आहे.

मी डबा उघडला. दोनेक वर्षांत कुरळ्यांची निळाई गेली होती. तळाशी गंजाची तांबडी भुकटी साठली होती. तिच्यावरचं जुनं कार्ड झटकून बाजूला ठेवलं. मग पेटीतून अकराव्या पानाची कार्बन प्रत काढून ती म्हाताऱ्याचा पत्ता लिहिलेल्या पाकिटात घातली. सोबत एक चिठ्ठी लिहिली. चार वेळा लिहिली, लांबली म्हणून चार वेळा फाडली. पाचव्या वेळी दोनच ओळी राहिल्या.

'हे पान त्यांनी लिहिलं होतं. काढलं मी.'

पाकीट कोपऱ्यावरच्या पिवळ्या टपालपेटीत टाकलं. पाकिटाच्या कडेला माझ्या अंगठ्याचा तांबडा ठसा उमटला होता. तो पुसायचा राहून गेला.