गाम्बोच्या गालामागचं हाड

गाम्बो माझ्या आत्याचा मुलगा. आमच्या हौसा लोकांच्या मुलखात आते-मामेभावांनी एकमेकांची खोडी काढलीच पाहिजे. खोडी थांबली की लोक विचारतात, यांच्यात काही बिनसलं का? आम्ही दोघंही राजवाड्याचे वाजंत्री. मी ढोल बडवतो, तो अल्गाइता फुंकतो. अल्गाइता म्हणजे सनईच, पण आडदांड. गाल फुगवून वारा कोंडायचा, नाकाने श्वास घेत राहायचं आणि सूर तुटू द्यायचा नाही. आमच्या बोलीत शब्दाचा अर्थ आवाजाच्या चढउतारावर ठरतो, त्यामुळे चांगला वादक अल्गाइतेतून चक्क बोलतो. गाम्बोएवढं स्वच्छ बोलणारा दुसरा नाही. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणणार नाही.

साठी उलटल्यावर त्याच्या एका बाजूच्या वरच्या दाढा गेल्या. गालाला आतून आधार उरला नाही, वारा निसटू लागला. कवळी बसवली, तर ती ईदच्या मिरवणुकीत राजेसाहेबांच्या घोड्यापुढे उडून पडली. लोक पोट धरून हसले, सगळ्यात मोठ्याने मी. पण घरी येऊन त्याने अल्गाइता फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली, तेव्हा माझं हसू तिथेच विरलं.

कदुना शहरातल्या डॉक्टर रकिया म्हणाल्या, "बाबा, पक्के दात बसतील. पण त्यांचे स्क्रू रोवायला वर हाडच उरलं नाहीये. दाढांच्या वर, गालामागे एक पोकळी असते. तिचं पातळ अस्तर हळूच वर उचलायचं आणि खाली हाडाची भुकटी भरायची. काही महिन्यांत तिथे तुमचं स्वतःचं हाड धरेल."

"भुकटी कुठल्या जनावराची?" गाम्बोने आधी तेच विचारलं.

"गाईची. मी स्वतः खात्री करून मागवते."

"म्हणजे मिरवणुकीत आता हा हंबरणार," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "मी सांगेपर्यंत फुंकायचं नाही. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. आत दाब येऊन अस्तर फाटलं, तर सगळं मुसळ केरात. या वयात पुन्हा करायला मी धजणार नाही."

शस्त्रक्रिया झाली, गाल टम्म सुजला. मला दया आली. मी खोड्या थांबवल्या आणि "बरं वाटतंय ना, भाऊ?" असं मऊ बोलू लागलो. एके सकाळी गाम्बोने दुधात कालवलेल्या बाजरीच्या फुऱ्याची वाटी खाली आदळली.

"मी मेलो का रे? मयताला आल्यासारखा बोलतोयस!"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जपा."

"गालाला जपा म्हणाल्या. मला मान द्या असं नाही म्हणाल्या. शिव्या दे, तनिमू!"

मग मी तोंड सोडलं. पण गाम्बो जन्मभर माझ्या शिवीला अल्गाइतेतूनच उत्तर देत आलेला, तोंडाने तो अगदी कच्चा. नुसते डोळे वटारायचा.

हाड अजून कच्चंच होतं आणि ईद आली. राजवाड्याने दुसऱ्या गावचा वादक बोलावला. तो राजेसाहेबांच्या स्तुतीतच अडखळला. लोक ओरडले, "गाम्बो, एकदाच!" गाम्बो माझ्या शेजारी सवयीने अल्गाइता हातात घेऊन उभा होता. राजेसाहेबांनी घोडा थांबवून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेला नकार द्यायची आमच्यात कुणाची टाप नाही. गाम्बोने अल्गाइता ओठांपर्यंत नेली. मी ढोल थांबवला. मग त्याने ती खाली घेतली, गालावर हात ठेवला आणि जमिनीपर्यंत वाकला. राजेसाहेबांनी मूठ उंचावून त्याला सलाम केला आणि घोडा पुढे काढला. गाम्बोच्या कुठल्याच वादनाचा मला इतका अभिमान वाटला नव्हता.

"भित्रा म्हातारा!" मी ओरडलो. तो समाधानाने हसला.

हाड धरलं. स्क्रू बसले, दात आले, आणि एक दिवस डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फुंका, बाबा." पुढच्या ईदला घोडा दरवाजातून बाहेर आला तेव्हा गाम्बोने राजेसाहेबांची अख्खी स्तुती वाजवली, सूर कुठेही न तोडता. मग तो माझ्याकडे वळला. गाल फुगले, आणि साऱ्या गावादेखत अल्गाइता बोलली: तनिमूचा ढोल ऐका, बहिरं गाढव पत्र्यावर लाथा झाडतंय.

शब्द न् शब्द स्वच्छ. लोकांचा एकच गलका उठला. मी ढोल बडवत रडत होतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाला ओरडून सांगत होतो, "मला म्हणाला तो! मलाच!"