बोडिलची शाकारणी

उत्तरेच्या थंड समुद्रातल्या लेसो बेटावरचे पुरुष जहाजांवर जायचे आणि छपरं बायका घालायच्या. यात कुणाला नवल वाटत नसे. सुतार भिंती नि वासे उभे करून द्यायचा, त्यापुढचं सगळं काम बायकांचं. आणि त्या कामात बोडिल थॉमसनचा हात कुणी धरू शकत नसे.

बेटावर कधीकाळी दाट जंगल होतं. खारं पाणी उकळून मीठ करणाऱ्यांनी ते भट्ट्यांत घालून संपवलं. झाडं गेली तशी शेतांवर वाळू आली आणि छपराला धड पेंढाही मिळेना. मग लोकांनी समुद्रापुढे हात पसरले. किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांच्या लाकडांतून घरांचे सांगाडे उभे राहिले. वादळानं ढिगांनी आणून टाकलेलं समुद्रगवत शेतात वाळून त्यांवर चढलं. मुरलेल्या मिठामुळे हे गवत सहसा कुजत नाही की चटकन पेटत नाही. नीट बसवलं तर पणतवंडं त्याखाली म्हातारी होतात. कुणा शिकल्यासवरल्याचं हे डोकं नव्हे. गरजेनं आणि हट्टी बायकांनी ही घरं घडवली, आणि त्यांचं करावं तेवढं कौतुक थोडंच.

नीट बसवणं, तिथेच तर गोम होती. वळचणीच्या पहिल्या ओळीला गवताचे माणूसभर लांब पीळ लागतात. पिळाचं वरचं टोक बारीक करून ते वाशांवरच्या आडव्या कामटीला गुंडाळायचं आणि जीव खाऊन आवळायचं. ही ओळ ढिली पडली की वरचं दोन हात जाडीचं गवत एक दिवस अंगणात येतं. म्हणून बोडिल चार पोरांच्या आईचा पीळसुद्धा सर्वांदेखत उपटून खाली फेकायची.

"हा पीळ आहे की मेंढीची शेपटी?"

बायका तोंडावर हसायच्या आणि मागे बोटं मोडायच्या. पण नव्या घराचे वासे उभे राहिले की पहिलं बोलावणं तिलाच जायचं.

मग एका वर्षी समुद्रातल्या गवताला कसलासा रोग लागला. शरद आला, वादळं झाली, तरी किनारा मोकळाच. तिच्या बहिणीच्या मुलीचं, गुडरुनचं घर तेव्हा नुसत्या वाशांवर उभं होतं. कौलं मुख्य भूमीवरून यायची, ती वसंताआधी काही येत नव्हती. गुडरुनला सातवा महिना होता आणि नवरा दर्यावर.

वाळलेलं गवत उरलं होतं ते एकट्या बोडिलच्या शेतात. तिचं स्वतःचं उत्तरेकडचं पाखं गळत होतं. त्यासाठी तिनं तीन वर्षं ते जमवलं होतं.

"मावशीकडे माग ना," शेजारीण मेटे गुडरुनला म्हणाली.

"ती माझाच पीळ करून वळचणीला बांधेल!"

बोडिलच्या कानावर ते गेलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गवतानं भरलेली पहिली गाडी घेऊन गुडरुनच्या दारात उभी राहिली. गावातल्या चाळीसेक बायका जमल्या तेव्हा तिनं अट घातली.

"गवत माझं. पण एकाही म्हातारीनं वर चढायचं नाही. पोरी चढतील."

"अगं, त्यांना येतं का?" मेटे म्हणाली.

"नाही येत. म्हणूनच."

"आमचे हात काय झडलेत?"

"दहा वर्षांत झडतील, मेटे. माझे त्याआधी. छप्पर शंभर वर्षं टिकायचंय. दुरुस्तीला काय आपली भुतं येणार?"

पोरी चढल्या. बोडिल खाली काठी टेकून उभी. पहिली ओळ तिनं उपटली. दुसऱ्यांदा बांधलेली उपटली, तिसऱ्यांदा बांधलेलीही. दर वेळी गवत तुटायचं आणि ढीग खचायचा. एका पोरीला रडू फुटलं.

"पुरे कर गं," मेटे कळवळून म्हणाली. "उपटून उपटून संपवशील आणि छप्पर अर्धंच राहील."

"ढिलं छप्पर अर्ध्याहून वाईट!"

चौथ्यांदा बोडिलनं एक पीळ दोन्ही हातांनी धरला, पाय जमिनीवरून उचलले आणि अडुसष्टाव्या वर्षी, साऱ्या गावासमोर, वळचणीला लोंबकळली. पीळ तसूभरही हलला नाही.

"हं," ती म्हणाली. पोरींनी वर एकच जल्लोष केला.

दिवस मावळायच्या आत त्या आढ्यापर्यंत पोचल्या. बोडिलच्या ढिगातली काडीही उरली नव्हती.

"मावशी, आता तुझ्या छपराचं गं?" गुडरुननं खालच्या आवाजात विचारलं.

"बादली आहे की घरात."

तो हिवाळा बोडिलनं बादलीवर काढला. वसंतातही गवत मिळेना, आणि अर्धं गवत अर्धी कौलं काही जमेना, म्हणून तिच्या साऱ्या घरावर लाल कौलं चढली. त्यांत वाईट काही नव्हतं. गळत नव्हती, हलकी होती, सुबक होती. फक्त पहिल्या सरीला बोडिल दचकून उठून बसली. गवताच्या छपराखाली पाऊस ऐकूच येत नाही. इतक्या वर्षांत घरात बसून तिनं तो कधी ऐकला नव्हता, आणि आता तो सारखा डोक्यावर वाजत होता. तिला आपलं घर परक्याचं वाटायला लागलं.

तेव्हापासून आभाळ भरलं की ती विणकाम घेऊन गुडरुनकडे जायची. पाळण्यात गुडरुनची तान्ही झोपलेली असायची. सुया चालवता चालवता बोडिल विचारायची, "पडतोय का गं?"

गुडरुनला दार उघडून पाहावं लागायचं.

"धो धो, मावशी! अंगणात तळं झालंय."

बोडिलचे डोळे भरून यायचे.

"दार लाव," ती म्हणायची. "पोर उठेल."