कागदी कप

गावच्या फाट्यावरच्या टपरीत मी बाकावर बसले होते. सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा आला, मला तेवढा कागदी कपात. टपरीवाला मला ओळखतो. मी कुणाची मुलगी, कुठल्या वस्तीतली, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. "ताई, तुमच्यासाठी खास. स्वच्छ असतो," म्हणाला, तेही हसून.

बाबांच्या वेळी आमच्या वस्तीसाठी फुटकी कपबशी टपरीबाहेर वेगळी ठेवलेली असे. बाबांना चहा सोसायचा नाही, पित्त उसळायचं. तरी तालुक्यातल्या एकेका टपरीत आत जाऊन बसायचे आणि सगळ्यांसारखा ग्लास मागायचे. त्यापायी मारही खाल्ला. आपल्या पोरांना हे करावं लागणार नाही, असं त्यांना खरंच वाटायचं. भोळे होते. तेव्हाचा अपमान निदान शिवी देत यायचा. आताचा ताई म्हणतो, आणि हरकत घेतली तर मीच भांडकुदळ ठरते. लोक मुलांसाठी जमीन ठेवतात, दागिने ठेवतात. माझ्या वाट्याला पित्त आलंय, आणि हा बाक.

"मला ग्लासातच द्या," मी म्हटलं. त्याने दिला. पिऊन झाल्यावर मी उठून ग्लास ठेवला, तर त्याने तो बाकीच्यांबरोबर बादलीत बुडवला नाही. दोन बोटांनी उचलला आणि मागच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

घशाशी आंबट आलं होतं. मी परत बाकावर बसले.

"अजून एक द्या," म्हटलं. "ग्लासातच. बघू, किती ग्लास आहेत तुमच्याकडे."