पॅलेडियमची झडती

आधी डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. शेवंताबाईंनी चमच्यानं चटणी उकरून बघितली. मग पर्स. मग पॅडचं पाकीट. ते फोडून एकेक पॅड टेबलावर मांडलं. मग मला अंबाडा सोडायला लावला.

लॅबमधले सहा जण उभे होते. कुणी खिडकीबाहेर बघत होतं, कुणी उगाच हातमोजे काढत होतं. लॅबचे प्रमुख, आमचे सर, तेवढे माझ्याकडेच बघत होते.

शेवंताबाई गेटवरच्या सिक्युरिटीतल्या. माझ्या केसांत बोटं घालताना पुटपुटल्या, "सायबानी सांगलंय गं बाय. माज्या हातात काय हाय?"

मला त्यांचा राग आला नाही. तेवढी ताकदच नव्हती.

काही सापडलं नाही. सर म्हणाले, "आज नाही सापडलं, एवढंच." आणि सगळे जेवायला गेले. मी पॅड गोळा केली.

ही लॅब मानकोलीला, गोदामांच्या मागच्या बाजूला. एका औषध कंपनीची. मी एम.एस्सी. करून तिथं लागले. बाप नारपोलीत कापडाच्या लूमवर, आई दापोड्याच्या गोदामात पॅकिंगला. पहिल्या दिवशी सरांनी आडनाव विचारलं. ऐकून "अच्छा" म्हणाले. त्या एका "अच्छा"वर मी चार महिने काचेची भांडी धुतली. माझ्याबरोबर लागलेल्या दोघांनी एकही धुतलं नाही.

पुढं काम मिळालं. औषधासाठी दोन रेणू एकमेकांना जोडायचे. ते आपसूक जोडले जात नाहीत, त्याला पॅलेडियम लागतं, सोन्यासारखा महाग धातू. धातूचे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण आम्ही स्टार्चच्या भुकटीवर बसवायचो. घसा जाळणारी जुनी सॉल्व्हंट्स बंद. नुसतं पाणी आणि थोडं अल्कोहोल. काम झालं की भुकटी गाळायची, धुवायची, वाळवायची, परत वापरायची. सरांचा दावा होता की पाच वेळा वापरा, पॅलेडियम जागचं हलत नाही. संशोधनाचा पेपर लिहून तयार होता. फक्त बाहेरच्या तपासणीचा रिपोर्ट यायचा होता.

रिपोर्ट आला. पाचव्या वापरानंतरच्या भुकटीत पॅलेडियम खूपच कमी भरलं.

सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "भुकटी कोण हाताळतं?"

"मी."

"मग धातू गेला कुठं? चांगली भुकटी काढून साधा स्टार्च मिसळायला कितीसा वेळ लागतो? तुमच्या वस्तीत भंगारवाले पुष्कळ."

धातू कुठं गेला ते मला माहीत होतं. पाण्यात. तिसऱ्या वेळेलाच गाळलेलं पाणी किंचित पिवळं दिसलं होतं. मी सरांना दाखवलंही होतं. ते म्हणाले होते, "आधी गाळायला शिक." हे सगळं मला तेव्हा बोलता आलं असतं. मी बोलले नाही. झडती दिली.

घरी बापाला सांगितलं. तो शिफ्ट संपवून नुकताच टेकला होता. डोळेही न उघडता म्हणाला, "आमची रोज घेतात. सूत चोरू नये म्हणून. सवय होते."

सवय होते. त्यानं ते मला धीर द्यायला म्हटलं होतं. मी भिंतीला टेकून बसून राहिले. तीस वर्षं रोज या माणसाचे खिसे चाचपलेत. आता माझे केस. पुढं कुणाचं काय? मला रडू आलं नाही. फार दमल्यासारखं झालं, आणि त्या दमण्याच्या तळाशी एक साधी गोष्ट कळली. मला ही सवय करून घ्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिअॅक्शन लावली. नवीन भुकटी, सगळ्यांसमोर वजन करून. अर्धं काम झाल्यावर सरांना बोलावलं.

"सर, इथं उभे राहा. मी आता गरम असतानाच गाळते."

थंड होऊ दिलं की पाण्यात सुटलेलं बरंचसं पॅलेडियम पुन्हा भुकटीवर जाऊन बसतं, चोरी लपते. म्हणून गरमच. भुकटी वेगळी काढून मी सरांच्या हातात दिली. उरलेलं नितळ पाणी परत तापत ठेवलं. त्यात धातू नसेल तर रेणू जोडण्याचं काम तिथंच थांबायला हवं.

थांबलं नाही. दर दहा मिनिटांनी थेंब काढून तपासणीच्या पट्टीवर लावला, दिव्याखाली धरला. कच्च्या मालाचा ठिपका फिका होत गेला, तयार मालाचा गडद. सगळ्यांनी बघितलं.

सरांनी हातातली भुकटी टेबलावर ठेवली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "ठीक आहे. काल झालं ते विसरून जा. आणि हे नोंदवहीत नको. पेपर जायचाय."

"नोंद झाली, सर. तारीख, वेळ, माझी सही. खाली साक्षीदाराची सही हवी. तुम्ही करता?"

"तुला इथं कुणी घेतलं, ते विसरू नकोस."

त्यांनी सही केली नाही. सहापैकी कुणीच केली नाही. मग मी कंपनीकडे तक्रार लिहायला घेतली. शेवंताबाईंना साक्षीला विचारलं तर म्हणाल्या, "झडतीचं लिव. मीच घेतली, मी न्हाय कशाला म्हनू?" त्यांनी तक्रारीच्या कागदावर अंगठा नाही, सही केली. हळूहळू, पूर्ण नाव.

तक्रार वर जाऊन बरेच दिवस झाले. मला स्टोअरमध्ये टाकलंय. बाटल्या मोजते. माझ्याशी कुणी बोलत नाही. पेपर अजून सरांच्या टेबलावर आहे, कारण नोंदवहीचं ते पान फाडलं तर पानांच्या आकड्यांचा क्रम तुटतो, आणि त्याची प्रत माझ्याकडे आहे, हे त्यांना ठाऊक आहे. कंपनीतून दोनदा निरोप आला की राजीनामा दे, चांगलं सर्टिफिकेट देतो.

मी देणार नाही. धातू पाण्यात गेला, हे छापून आलं पाहिजे. माझी झडती घेतली ती चूक होती, हे सरांनी कागदावर लिहून दिलं पाहिजे आणि त्याच सहा जणांसमोर वाचलं पाहिजे. तोवर रोज सकाळी मी गेटवर सही करून आत जाणार.