आवाज कमी करून सांगितलेलं

भवानी पेठेत कुणाचा जनाजा निघणार असो, कुणाची शेळी हरवलेली असो, की उद्या नळाला पाणी येणार नसो, गैबीसाबच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते खरं मानायचं नाही, अशी तीस वर्षांची सवय. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, सीटखाली बॅटरी आणि आवाजाचं मशीन, पुढं हँडलपाशी गैबीसाब. वय साठीच्या पुढं, दाढी पांढरी, पण आवाज असा की माडीवर झोपलेला माणूस उठून बसावा. निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले दोघंही त्यालाच बोलवायचे आणि तो दोघांच्याही घोषणा सारख्याच इमानानं करायचा. "माझं काम सांगायचं. खरंखोटं ज्याचं त्यानं बघावं," असं तो म्हणे. हे म्हणणं त्याला पुढं फार महागात पडलं.

अलीकडे काम सोपं झालं होतं. एकदा घरात बसून घोषणा रेकॉर्ड करायची आणि पेन ड्राइव्ह मशीनला लावायचा, की ती आपली आपण वाजत राहते. गैबीसाबनं फक्त रिक्षा चालवायची. एखादी बाई दारात येऊन काही विचारू लागली की तो हात मागं नेऊन आवाजाचं बटण फिरवायचा. भोंगा पुटपुटायला लागायचा आणि मग गैबीसाब स्वतःच्या तोंडानं बोलायचा. पेठेतल्या बायकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. भोंग्यातून येतं ते ज्यानं काम दिलं त्याचं, आणि आवाज कमी करून सांगतात ते चाचांचं. त्यांचा भरवसा या दुसऱ्यावर.

त्याचा नातू बिलाल आता पाच वर्षांचा आहे. मुलगा सोहेब चिंचोळी एमआयडीसीत कामाला, सून गुलनाज घरी. बिलाल दिसायला राजबिंडा, पण कुणाकडं बघत नाही, बोलत नाही. बाटल्यांची झाकणं एका ओळीत लावत तासन्‌तास बसतो. दोन वर्षांचा झाल्यावर डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला. गल्लीला शब्द नवा होता, पण खापर फोडायला डोकं शोधण्याची कला जुनी. कुणी म्हणालं, आईनं पोटुशी असताना सारखा मोबाइल बघितला. कुणी म्हणालं, तिच्या माहेरचं रक्तच तसलं. गुलनाज भाकरी थापत ऐकून घ्यायची.

रक्ताची गोष्ट निघाली की गैबीसाब उठून रिक्षाकडं जायचा. कारण रक्ताचंच असेल, तर ते कुठलं हे त्याला ठाऊक होतं. केम या त्याच्या मूळ गावी त्याचा धाकटा भाऊ मस्तान होता. जन्मात कुणाशी बोलला नाही. दिवसभर स्टेशनवर बसून डुलत गाड्या बघायचा. त्यात कुणाचं काय बिघडत होतं? पण लोकांनी विचारलं की बाप सांगायचा, लहानपणी ताप डोक्यात गेला. मस्तानला कधी तसा ताप आलाच नव्हता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. झाकून ठेवायची रीत गैबीसाब बापाकडून शिकला.

बापाला ताप सापडला, तशी याला सुई सापडली. बिलालची गोवराची सुई राहून गेली होती, ती दीड वर्षाचा झाल्यावर दिली आणि दोन दिवस त्याला ताप आला. पुढं कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात कुणी परदेशी माणूस सांगत होता की सुईनं पोरं अशी होतात. त्याचं बोलणं गैबीसाबला कळलं नाही, खाली लिहिलेलं तेवढं कळलं, आणि तेवढं पुरलं. सुई कुणाच्या माहेरची नव्हती की कुणाच्या सासरची नव्हती. तिच्यावर आळ घेतला तर घरात कुणाचीच मान खाली जात नव्हती. तो सांगू लागला, "चांगला बोलत होता की. मला 'दादा' म्हणायचा. सुई दिली आन् वाचा गेली."

'दादा', म्हणजे आजोबा, हा शब्द त्यानं पदरचा घातला होता. बिलाल तो कधीच म्हणाला नव्हता. पण इतक्यांदा सांगितल्यावर गैबीसाबला तो ऐकू यायला लागला होता, आणि त्यात त्याला सुख वाटायचं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पेठेत घरोघरी लसीचं बघणारी आशा सेविका पार्वतम्मा एकदा त्याला म्हणाली होती, "गैबीसाब भाऊ, हे कावळा बसायला आन् फांदी मोडायला एकच गाठ पडल्यागत झालं. ही सुई द्यायचं वय आन् पोरगं बोलत न्हाय हे ध्यानात यायचं वय एकच पडतंय. डॉक्टर लोकांनी लाखो पोरं तपासली, सुईनं असं होतंय म्हणून कुटं सापडलं न्हाय." गैबीसाबनं मान हलवली. फांदी कावळा बसायच्या आधीच मोडलेली होती, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

मागच्या दिवाळीआधी पेठेत राहिलेल्या पोरांसाठी गोवराच्या लसीचं शिबिर लागलं. घोषणेचं काम अर्थातच गैबीसाबला. भोंगा गर्जत होता, "आपल्या बाळाला लस द्या, गोवर टाळा." रिक्षा माजिदाच्या दारात आली. माजिदाचा नवरा ट्रकवर, ती घरी विड्या वळते. तिची मुलगी राहत दोन वर्षांची, एकदा आजारपणात आणि एकदा गावाला गेल्यामुळं तिची सुई राहिली होती. माजिदा मांडीवरचं विड्यांचं सूप खाली ठेवून बाहेर आली.

"चाचा, नेऊ का पोरीला?"

गैबीसाबनं हात मागं नेला आणि बटण फिरवलं.

"मी सांगायचं ते सांगतोय, बेटी. पण माझा बिलाल तू बघतीसच की. पुढं तुझी मर्जी."

माजिदा परत विड्यांपाशी जाऊन बसली. त्या दिवशी त्यानं सात-आठ दारांत बटण फिरवलं. संध्याकाळी पार्वतम्मा म्हणाली, "एवढं वरडून बी लोक का येईनात, कायच कळंना." गैबीसाबनं तिच्यासोबत चहा घेतला आणि तोही म्हणाला, कायच कळंना.

थंडीत गोवर आला. बरीच पोरं आठ-पंधरा दिवसांत उठून खेळू लागली. राहत उठली नाही. या वेळी ताप खरोखरच डोक्यात गेला होता. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. जगली. घरी आणल्यावर माजिदाच्या ध्यानात आलं की मागून हाक मारली तर पोरगी वळत नाही.

एका दुपारी माजिदा गैबीसाबच्या घरी आली. ती भांडायला आली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती दारातच बसली आणि म्हणाली, "चाचा, बिलालला तुमी कानाच्या डॉक्टरकडं नेलतं म्हणं. कुटले ते? राहतला दाखवायचंय."

गैबीसाब तोंड उघडणार, तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या गुलनाजनं साध्या मनानं सांगून टाकलं, "चौकातले की, औषधाच्या दुकानावर बसतात ते. लई चांगले हायत. बिलाल हाक मारली तर बघायचाच न्हाय म्हणून नेलतं. अब्बांनी भोंग्यातनं त्याचं नाव घेतलं, तरी वळंना. कान चांगले हायत म्हणाले, पण पुढं मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणाले."

"केवढा होता तवा?"

"अकरा महिन्यांचा."

माजिदानं बोटांवर महिने मोजले. "म्हंजे सुईच्या आधी," ती म्हणाली.

गुलनाजचा हात परातीत थांबला. तिनं सासऱ्याकडं बघितलं. सासरा बिलालच्या झाकणांकडं बघत होता.

"मग 'दादा' म्हणायचा, ते?"

पिठाचे हात पुसत गुलनाज म्हणाली, "कदीच म्हणाला न्हाय, आपा. सुईचं नाव निघाल्यापासनं लोकांनी मला बोल लावायचं थांबवलं. म्हणून मी बी गप बसले."

माजिदानं आवाज चढवला नाही. ओढणी सारखी केली, डॉक्टरांचा पत्ता परत एकदा नीट विचारून घेतला आणि गेली. चाचांकडं तिनं बघितलंही नाही.

गैबीसाबला लाज वाटली. यापूर्वी त्याला भीती वाटली होती, राग आला होता, पण अशी लाज कधी वाटली नव्हती. मशिदीत तो कायम पुढच्या रांगेत उभा राहायचा, आता सगळ्यात मागं उभा राहू लागला, कुणाची नजर पाठीवर पडायला नको म्हणून. चार दिवस त्यानं रिक्षा काढली नाही. आपण कुठल्या कुठल्या दारात बटण फिरवलं, ते एकेक दार त्याला आठवत होतं. एक मात्र मनात पुन्हा पुन्हा यायचं, की हे घराबाहेर फक्त एकीलाच माहीत आहे. माजिदा बोलणारी नव्हती. गप्प बसलं तर खपून गेलं असतं.

पाचव्या दिवशी पार्वतम्मा आली. गोवरामुळं पेठेत परत शिबिर लावलं होतं. "तोच पेन ड्राइव्ह लावा, गैबीसाब भाऊ. पण लोक दारं लावून घ्यायलेत. सुईनं पोरगं मुकं होतं म्हणत्यात. कुणी डोक्यात भरवलंय, देव जाणे."

गैबीसाबनं पेन ड्राइव्ह खिशात टाकला. "आज तोंडानं बोलतो," म्हणाला, आणि किती तरी दिवसांनी जुना माइक बाहेर काढला.

पहिल्या गल्लीत त्यानं माइक तोंडाशी धरला. भोंग्यातून नुसता श्वास ऐकू येत होता. बायका दारात आल्या.

"मी गैबीसाब. बिलालचा दादा," तो म्हणाला. "मी तुमाला आवाज कमी करून सांगितलं, ते खोटं होतं. बिलाल सुईच्या आधीपासनं असाच हाय. मला ते माहीत होतं. तो मला दादा कदीच म्हणाला न्हाय. माझा सख्खा भाऊ बी असाच होता, ते झाकायला मी सुईचं नाव घेतलं. माझं ऐकून ज्यांनी पोरं नेली न्हाईत, त्यांनी आज न्या."

कुणीतरी हसलं. एका बाईनं दार धाडकन लावलं. दोघीतिघी मात्र एकमेकींकडं बघून आत गेल्या आणि पोरांना घेऊन बाहेर आल्या. तो तेच सांगत पुढं निघाला. माजिदाचं घर जवळ आलं, तसा त्याचा हात सवयीनं मागं बटणाकडं गेला. त्यानं तो ओढून घेतला.

राहत उंबऱ्यावर रस्त्याकडं पाठ करून बसली होती आणि विड्यांचा दोरा बोटाला गुंडाळत होती. भोंगा तिच्यापासून चार हातांवर होता. गैबीसाबनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, तिच्या आईचं दार आहे म्हणून एक शब्दही कमी केला नाही. समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. पोरगी वळली नाही.

माजिदा बाहेर आली. गैबीसाबनं माइक खाली घेतला. ती शिव्या देईल, थुंकेल, काहीही करेल, त्याची तयारी होती. माफ करेल अशी आशाही होती, ती आपल्याला आहे याचीसुद्धा त्याला लाज वाटली.

"पुढच्या गल्लीत बी असंच सांगा, चाचा," माजिदा म्हणाली. "तितं बी तुमी दारात थांबून सांगितलं होतं."

तिनं राहतला उचलून आत नेलं. गैबीसाबनं रिक्षा सुरू केली आणि पुढच्या गल्लीत वळून पहिल्या दारापासून सांगायला लागला.