कितवा नंबर?

मी बोर्डात सव्विसावा आलो तेव्हा माझ्या वडिलांनी पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारलं होतं, "पुढचे पंचवीस कोण रे?" मला भयंकर राग आला होता. तरीही इंग्लंडात येऊन, भूलतज्ज्ञ होऊन, मिल्टन कीन्समध्ये घर करून मी माझ्या एकुलत्या एका मुलीला जन्मभर तेच विचारत राहिलो. माणूस अनुभवातून शिकतो म्हणतात. डोंबल शिकतो!

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मुलीने बेसिंगस्टोकची इंजिनिअरची चांगली नोकरी सोडली आणि एका रेसिंग टीममध्ये मेकॅनिक म्हणून लागली. टीम कसली, शेतातल्या एका शेडमध्ये सहा माणसं आणि एक गाडी. वसंतापासून सप्टेंबरपर्यंत ती गाडी ट्रकमध्ये घालायची, फेरीबोटीने समुद्र ओलांडायचा आणि इटली, बेल्जियम, जर्मनी असं हिंडायचं. मी घर डोक्यावर घेतलं. मंडळाच्या गणपतीत कुणी चौकशी केली की मी ठोकून द्यायचो, "ऑटोमोटिव्ह रिसर्चमध्ये असते." बायको शेजारी उभी राहून साडीच्या निऱ्या सारख्या करायची.

पहिल्या रेसला निघण्याआधी मुलीने मला किचनच्या टेबलावर सगळं समजावून सांगितलं. लोणच्याची बरणी म्हणजे मोठ्या कंपनीची गाडी, मीठदाणी म्हणजे यांची. ट्रॅकवर तीन गट एकदमच पळतात, पण प्रत्येक गटाचा निकाल वेगळा लागतो. "आमचा गाडी छोटा आहे, बाबा. मोठे लोक ओव्हरटेक करणार, आम्ही बाजू देणार. पण आमचा रेस फक्त आमच्या गटाशी." तिचं मराठी असंच, लिंगाचा पत्ता नाही. पण बोलताना ती इतकी खुशीत होती की मीठदाणी हातातून सोडेना. मला तो हिशेब कळला नाही असं मी खोटं बोलणार नाही. चांगला कळला. तरी मी म्हणालो, "म्हणजे हळू पळणाऱ्यांत पहिलं यायचं. वासरांत लंगडी गाय शहाणी!"

तिला म्हण कळली नाही. तिने आईकडे पाहिलं. आई एकदम कुकरकडे वळली. नंतर तिने आईकडून अर्थ काढून घेतला असणार, कारण त्या दिवसापासून 'गट' हा शब्द तिने माझ्यासमोर पुन्हा काढला नाही.

रेस झाली की रविवारी संध्याकाळी तिचा कुठल्या तरी फोन बॉक्समधून फोन यायचा. मी विचारायचो, "कितवा नंबर?"

"सतरावा, बाबा."

"बरं. जेवलीस का?"

बेल्जियमहून चौदावा. जर्मनीहून बारावा. नंबर सांगून झाला की ती जरा थांबायची. मला वाटायचं, नाणी संपत आली असतील. दुसऱ्या दिवशी पेपरात पाहावं तर पहिले सहाच छापलेले, मग मी पेपर घडी करून हॉस्पिटलला जायचो.

सीझनची शेवटची रेस आमच्या घरापासून तासाभरावर होती. तिने दोन पास पोस्टाने पाठवले आणि फोनवर बजावलं, "पिटच्या बरोबर समोरचा स्टँड आहे. तिथून तुम्ही मला दिसणार. शेवटपर्यंत थांबाल ना?"

"हो गं बाई, थांबतो."

सहा तासांची रेस. आम्ही उशा, थर्मास, दशम्या-चटणी असा सगळा सरंजाम घेऊन गेलो. यांची छोटी पांढरी गाडी आली की दर वेळी निळा झेंडा हलायचा, म्हणजे मागून मोठी गाडी येतेय, वाट द्या. ती वाट द्यायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेजारी एक इंग्रज गृहस्थ मांडीवर कागद घेऊन प्रत्येक फेरी टिपत होते. ते म्हणाले, "ती पांढरी फार छान चाललीय हं." मला वाटलं, सभ्यपणाने बोलतायत.

एकदा गाडी चाकं बदलायला ट्रॅकच्या कडेला, पिटमध्ये आली आणि मुलगी डाव्या पुढच्या चाकाशी गुडघ्यावर बसली. मी कपात चहा ओतेपर्यंत जुनं चाक निघून नवं लागलंसुद्धा. मी उभा जन्म सर्जन लोकांचे हात बघण्यात घालवला. हात कशाला म्हणतात ते मला कळतं. तिचा हात अव्वल होता. हे मी बायकोलाही बोललो नाही.

अर्धा तास उरला तेव्हा मी कार पार्ककडे बघायला लागलो. "चल, निघू. एकदा हे सगळे सुटले की ट्रॅफिकमध्ये दोन तास मोडतील."

"अहो, अर्ध्या तासाने काय होतंय? पोरीला शब्द दिलाय तुम्ही."

"अकराव्या नंबरासाठी काय थांबायचं? फोन करेलच की."

निघालो. रस्ता मोकळा होता. "बघ, कसे झटक्यात आलो!" असं मी दारात गाडी लावताना म्हणालो होतो.

संध्याकाळी फोन आला. अकरावाच नंबर होता. "ट्रॅफिक लागलं असतं म्हणून जरा लवकर निघालो," मी म्हणालो.

"हो. बघितला मी. जागा रिकामा होता."

"असू दे. पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष आलंच नाही. ती टीम बंद पडली, मुलीला ग्लासगोला नोकरी लागली, तिथेच लग्न झालं.

नव्वदच्या दशकात एकदा आम्ही तिच्याकडे आठवडाभर राहायला गेलो. इस्त्री शोधत मी तिच्या कामाच्या खोलीत शिरलो, तर भिंतीवर एक फोटो. सहा माणसं, मध्ये कप, मागे फलक: गटात पहिले, आणि संपूर्ण सीझनचे विजेते. ती शेवटची रेस. बाकी पाच जण कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. तेलकट कपड्यांतली माझी मुलगी वर बघतेय, समोरच्या स्टँडकडे.

मी तिला हाक मारली. "हे मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नंबर विचारला, बाबा. मी नंबर सांगितला." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग ती हसत म्हणाली, "आणि सांगितलं असतं तर तुम्ही तो गाय परत आणला असता."

मागे दारात बायको उभी होती. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्याच आठवड्यात सांगितलं तिने. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

मला लाज वाटली. आणि त्याहून जास्त, त्या दोन रिकाम्या जागा दिसायला लागल्या, जिथून त्या उन्हात आम्ही उशा उचलून आणल्या होत्या. एवढा शिकलेला माणूस मी, अर्धा तास बसू शकलो नाही.

परतायच्या दिवशी सकाळी सामान गाडीत भरून झाल्यावर मी तिला म्हणालो, "मला सगळं सांग ना. पहिल्या रेसपासून, तुमच्या गटाचं. आम्ही आज थांबतो, उद्या निघतो."

तिने घड्याळात पाहिलं, थर्मासचं झाकण घट्ट केलं आणि तो माझ्या हातात दिला.

"नको, बाबा. निघा आता. ट्रॅफिक लागेल."