आर्नेमला गाडीत चढलेल्या आजी

आधीच सांगते... अंगात येणं, साक्षात्कार, टेलिपथी, यातलं काहीही मी मानत नाही. हा अनुभव आल्यावरही नाही. मी नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला सॉफ्टवेअर टेस्टर आहे, पुरावा मागणं हेच माझं काम. तरी लिहितेय, कारण "भास झाला असेल" हे ऐकून आता वीट आलाय.

मागच्या उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे, आइंडहोवनजवळच्या बेस्ट गावी आल्या होत्या. एकाच पासवर कितीतरी देशांत गाडीने फिरता येतं, म्हणून आम्ही दोघींनी रेल पास काढले – त्यांचा पर्यटकांचा, माझा इथल्या रहिवाशांचा. आईला झेपणार नाही, असं नवरा म्हणत राहिला. आम्ही निघालोच. आईंना मराठीशिवाय कुठलीही भाषा येत नाही, हे लक्षात ठेवा.

उत्रेख्तहून स्वित्झर्लंडमधल्या बासेलची गाडी. आर्नेमला एक डच बाई तिच्या म्हाताऱ्या आईला घेऊन चढली. आजींना आमच्यासमोर बसवलं आणि स्वतः पलीकडे लॅपटॉप उघडला. आजींशी ती एक शब्दही बोलली नाही.

थोड्या वेळाने आमच्या आई बोलायला लागल्या. मराठीत. मध्ये थांबायच्या, मान डोलवायच्या, मग पुढे. आजी नुसत्या बघत होत्या, ओठ मिटलेले. मला वाटलं, बोलायला माणूस हवंय, बोलू देत.

मग आईंनी मला कोपराने ढोसलं. "अगं मेघना, हिच्या मुलीला सांग, डावा बूट चावतोय म्हणतेय सकाळपासून. आणि ही मुलीला उंदीर का गं म्हणते?"

मी ओशाळून, मोडक्यातोडक्या डचमध्ये दोन्ही सांगून टाकलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही. म्हणाली, आईला दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून वाचा गेलीय. तिला आता काही कळतही नसावं, असं डॉक्टर म्हणतात. लहानपणी मला लाडाने उंदीर फक्त तीच म्हणायची...

तिने खाली बसून आजींचा बूट काढला. टाच सोलवटली होती. मग फ्रायबुर्ग येईपर्यंत ती आजींचा पाय मांडीवर घेऊन त्यांच्याशी बोलत होती.

त्या दोघी तिथे उतरल्या. आई म्हणाल्या, आपणही उतरू. पास होताच, पुढची गाडी चालणार होती. फलाटावर दोन्ही म्हाताऱ्या हातात हात घेऊन उभ्या राहिल्या.

नवरा म्हणतो, बूट चावतोय हे चेहऱ्यावरून कळतं. मान्य. पण उंदीर? तो शब्द त्या डब्यात कुणीही, कुठल्याही भाषेत उच्चारला नव्हता. मी जागी होते, समोर बसले होते. भास म्हणायचा तर त्या लेकीचाही म्हणा. मला पटेल असं उत्तर अजून कुणीही दिलेलं नाही.

आईंना विचारलं की त्या वैतागतात.

"ती बोलत होती, मी ऐकत होते. तुम्हाला कसं ऐकू आलं नाही, ते आधी सांगा."